आठवडाभर शाळा, रविवारी चर्च : नगरच्या मिशन शाळांची पार्श्वभूमी

नेवासा, राहुरी, पारनेर या बाजूच्या जुन्या ख्रिस्ती घरात आजोबा-पणजोबांचा विषय काढला की ‘ते मास्तर होते’ हे उत्तर बरेचदा कानावर पडतं. या मास्तरांचं काम नुसतं पाढे घोकून घेण्याचं नव्हतं. आठवडाभर मुलांना शिकवायचं आणि रविवारी त्याच खोलीत उपासना घ्यायची. कुणाचं पोर तापलं तर उशाशी बसून प्रार्थना करायची, मुंबईहून पत्र आलं तर वाचून दाखवायचं आणि सावकाराने अंगठा मागितला तर आधी कागदावर काय लिहिलंय ते सांगायचं. गावात ‘मिशनची शाळा’ म्हणजे एक खोली, एक घंटा आणि हा एक माणूस.

ख्रिस्ती प्राथमिक शाळेत सकाळी प्रार्थना ऐकली की चर्चने शाळा काढली असणार, असं आपण धरून चालतो. नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) बऱ्याच गावांत क्रम उलटा होता. आधी शाळा आली, शाळेभोवती माणसं जमली, त्या माणसांची मंडळी, म्हणजे एकत्र उपासना करणारा ख्रिस्ती समूह, झाली. चर्चची इमारत उभी राहिली ती फार पुढे, काही ठिकाणी राहिलीच नाही.

सुरुवात मुंबईची. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. कंपनी सरकारला ते नकोच होते. त्यांना परत पाठवायची खटपट बरीच चालली. पण त्याच वर्षी कंपनीची सनद नवी झाली, मिशनऱ्यांना वाट मिळाली आणि हे दोघे टिकले. पुढे त्यांच्या अमेरिकन मराठी मिशनने मराठी शाळा काढल्या, १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळाही सुरू केली. डिसेंबर १८३१ मध्ये मिशनची माणसं नगरला पोचली आणि तिथून पुढे नगर हेच मिशनचं मुख्य ठाणं बनत गेलं.

या पहिल्या शाळांमधली एक गंमत फारशी सांगितली जात नाही. शिकवायला ख्रिस्ती माणसं मिळायची कुठून? मग पगार देऊन पंतोजी ठेवले जात, आणि ते बहुधा ब्राह्मण असत. म्हणजे बायबलातले उतारे पाठ करून घेणारा मास्तर घरी जाऊन संध्या करणारा. त्याला त्यात अडचण वाटत नव्हती, पालकांनाही नाही. पोराला अक्षर आणि हिशेब येतो ना, मग झालं. अडचण यायची ती कुणी बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्माची दीक्षा, घेतला की. मुंबईत १८३९ मध्ये स्कॉटिश मिशनच्या जॉन विल्सन यांच्या शाळेत शिकणाऱ्या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला आणि शाळेतली मुलं भराभर काढून नेली गेली. शहरातल्या शाळेचं गणित असं नाजूक होतं.

सिंथिया फरार १८३९ मध्ये मुंबईहून नगरला आल्या. १८२७ मध्ये त्या भारतात आल्या. अमेरिकन बोर्डाने, म्हणजे या मिशनच्या अमेरिकेतल्या मूळ संस्थेने, परदेशी पाठवलेल्या अगदी सुरुवातीच्या अविवाहित बायांपैकी त्या एक. १८६२ मध्ये नगरलाच त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या मुलींच्या शाळा पाहायला जोतीराव फुले पुण्याहून आले होते आणि पुण्यातल्या मुलींच्या शाळेची कल्पना आपल्याला तिथून मिळाली, हे पुढे त्यांनी स्वतःच सांगितलं. १८४८ ची भिडेवाड्यातली शाळा सगळ्यांना ठाऊक असते. तिच्याआधीचा हा नगरचा मुक्काम मात्र एका ओळीत उरकला जातो.

खेड्यांकडे खरं वळण मिळालं ते १८५४-५५ मध्ये. अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन तेव्हा पाहणीला आले होते. त्यांचं मत पक्कं होतं : इंग्रजी शाळेतून कारकून निघतात, मंडळ्या निघत नाहीत. शाळा मराठीत हव्यात, मास्तर ख्रिस्ती हवेत, मंडळीचा पाळक (धर्मगुरू) इथलाच हवा आणि मंडळीने हळूहळू आपला खर्च आपण उचलावा. मिशनच्या इंग्रजी शाळा बंद झाल्या. हरिपंत खिस्ती, रामकृष्णपंत मोडक अशा इथल्याच माणसांना याच सुमारास पाळकपद मिळालं. नेमकं त्याच वर्षी, १८५४ मध्ये, कंपनी सरकारच्या शिक्षणधोरणाच्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना सरकारी अनुदानाचं दार उघडलं. इंग्रजी तोडण्याचा निर्णय मला एका बाजूने आखूड नजरेचा वाटतो. नगरच्या पोरांची नोकरीची एक वाट त्यामुळे काही काळ अडली, आणि मिशनला पुढे इंग्रजी शिक्षणाकडे परत यावंच लागलं. पण गावागावांत मराठी प्राथमिक शाळांचं जाळं पसरलं ते या निर्णयामुळेच, हेही खरं.

शाळा मागत कोण होतं? मुख्यतः महारवाडा आणि मांगवाडा. गावच्या शाळेत या मुलांना घेत नसत. कुठे घेतलंच तर ओसरीवर किंवा बाहेर बसवत. म्हणून ‘आम्हाला मास्तर द्या’ असा निरोप वस्तीतून मिशनकडे जाई. मास्तर आला की वस्ती त्याला जागा देई, कधी चावडीच. दिवसा मुलं, रात्री दिवा लावून मोठी माणसं. मोठ्यांना पुस्तकापेक्षा गाणं लवकर कळतं हे मिशनला लौकरच उमगलं. १८६० च्या दशकात नगरमध्ये ख्रिस्ती कीर्तन उभं राहिलं, त्यात कृष्णराव सांगळे यांचं नाव पुढे. वीणा, टाळ, मृदंग सगळं तेच, कथा मात्र बायबलातल्या उधळ्या पुत्राची. बाहेरून आलेला धर्म या वस्त्यांत आपला वाटू लागला त्यात प्रवचनांपेक्षा या चालींचा वाटा मोठा असावा.

शाळेतला दिवस घंटेने सुरू होई. मुलं तरटावर बसत, पुढ्यात पाटी. आधी एक गीत, मग सगळ्यांनी मिळून ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’, मग दहा आज्ञा घोकणं. त्यानंतर बाराखडी, पाढे, वाचन. रविवारी हीच मुलं शब्बाथशाळेला येत. येताना एखादं वचन तोंडपाठ करून यायचं आणि उभं राहून म्हणून दाखवायचं. मंडळ्यांचा जो वार्षिक मेळावा भरे त्याला ‘ऐक्य’ म्हणत. नगरला बैलगाड्या जमत, त्यात मास्तर आणि त्यांची मुलं असत. खेड्यातल्या पोराने शहर पहिल्यांदा पाहिलं ते बहुधा अशा वेळी.

दुष्काळांनी शाळांचं रूप बदललं. १८७६-७८ चा मोठा दुष्काळ, मग १८९६-९७, आणि पाठोपाठ १८९९-१९०० चा. आईबाप गेलेली मुलं मिशनकडे आली आणि शाळेला वसतिगृह जोडावं लागलं. अक्षरओळखीबरोबर सुतारकाम, विणकाम, शिवण शिकवणं सुरू झालं, कारण या मुलांना परत जायला घर नव्हतं. दुष्काळात भाकरीसाठी धर्म बदलला, हा टोमणा या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकला आहे. भाकरीही मिळाली हे खोटं नाही. पण पावसाळे परत आल्यावरही ही माणसं तिथेच राहिली, त्याचं उत्तर भाकरीत सापडत नाही.

याच काळात नगरला नारायण वामन टिळक आले. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि नगरच्या धर्मशिक्षणशाळेत ते शिकवू लागले. त्यांच्याआधीची बरीच उपासना-गीतं इंग्रजी चालीत मराठी शब्द कोंबून केलेली. म्हणताना जीभ अडखळे. टिळकांनी अभंग, ओवी, भजन आणलं. ‘बालबोधमेवा’ या मिशनच्या मुलांच्या मासिकासाठीही त्यांनी भरपूर लिहिलं. १८४२ मध्ये नगरहूनच निघालेला ‘ज्ञानोदय’ मोठ्यांसाठी होता, हे मासिक मुलांसाठी. मराठी ख्रिस्ती शाळेत आज जी गीतं ऐकू येतात त्यात टिळकांची गीतं हमखास असतात.

विसाव्या शतकात मास्तर आणि पाळक हे दोन धंदे वेगळे झाले. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण लोकल बोर्डांकडे गेलं, तिसाच्या दशकातल्या जागतिक मंदीत अमेरिकेहून येणारा पैसा आटला, आणि गावच्या बोर्डाच्या शाळेत आता दलित मुलांनाही बसू देणं भाग पडलं. एकेका गावातली मिशनची शाळा बंद झाली किंवा बोर्डाकडे गेली. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्यावर उरलासुरला प्रश्नही मिटला. तालुक्याच्या गावी आणि नगर शहरात काही शाळा टिकल्या. गावात जी खोली मागे राहिली, तिथे रविवारची उपासना तेवढी चालू राहिली.

स्वातंत्र्यानंतर दोन कागदांनी या शाळांचं रोजचं जगणं ठरवलं. एक राज्यघटना. कलम ३० मुळे अल्पसंख्याकांना आपल्या शाळा चालवण्याचा हक्क मिळाला. कलम २८ मुळे अनुदानित शाळेत धर्मशिक्षण सक्तीचं करता येत नाही, अजाण मुलासाठी पालकाची संमती लागते. म्हणून परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा आणि प्रार्थना सगळ्यांची, आणि बायबलचा तास ज्यांना हवा त्यांचा. दुसरा कागद १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश. त्यानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत. शाळेच्या दाखल्यावर जातीचा रकाना भरताना त्याची झळ बसते. रविवारी चर्चला येणाऱ्या कुटुंबाच्या पोराच्या दाखल्यावर ‘हिंदू’ आणि पुढे जात असू शकते, आणि मुख्याध्यापकांना त्यात काही नवल वाटत नाही.

शहरातल्या या शाळांत आज ख्रिस्ती मुलं वर्गात मूठभर असली तरी नाताळचा कार्यक्रम सगळ्या शाळेचा असतो. घरोघरी करंज्या, चकल्या, शंकरपाळी होतात, डबे शाळेत येतात. कामट्यांना घोटीव कागद चिकटवून चांदणी करतात. नाटकात योसेफाला बापाचं उपरणं, मरियेला आईची ओढणी, आणि देवदूताचे पंख दर वर्षी ऐन वेळी निखळतात. मेंढपाळांच्या खांद्यावरची घोंगडी मात्र अस्सल असते, कारण वर्गात धनगराचं एखादं पोर असतंच.