४१५००१ (संख्या)

४१५००१ ही सहा अंकी विषम संख्या सातारा शहराचा पिनकोड म्हणून ओळखीची आहे. पिनकोड पद्धत देशात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. संख्या सिद्धांताच्या दृष्टीने मात्र ही संख्या वेगळ्याच कारणाने मोलाची आहे: तिचे अवयव एका वजाबाकीत सापडतात.

४१५००१ = ६१३ × ६७७. दोन्ही अवयव मूळ संख्या, म्हणून विभाजक चारच. तिच्याहून लहान आणि तिच्याशी सहमूळ (१ खेरीज सामाईक विभाजक नसलेल्या) अशा संख्या ६१२ × ६७६ = ४,१३,७१२ आहेत. ६१३ आणि ६७७ या दोन्हींना ४ ने भागल्यास बाकी १ उरते, त्यामुळे ही संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून दोन प्रकारे मांडता येते: ४६०² + ४५१² आणि ४८५² + ४२४².

अवयव काढणे. वर्गमूळ ६४४.२ च्या आसपास येते, तेव्हा ६४३ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. ६१३ ही ११२ वी मूळ संख्या. म्हणजे आधीचे १११ भागाकार वाया जातात. ८३ ला तर जेमतेम १ बाकी उरते (८३ × ५००० = ४,१५,०००). शंभरापर्यंत तपासून थांबणारा हिला हमखास मूळ संख्या ठरवतो.

फ्रेंच गणिती पिएर द फर्मा यांची रीत इथे फार देखणी चालते. संख्या दोन वर्गांची वजाबाकी म्हणून मांडायची, कारण अ² − ब² = (अ − ब)(अ + ब). अ साठी वर्गमूळाच्या लगेच वरची पूर्ण संख्या घ्यायची (उरलेली संख्या वर्ग नसेल तर एकेक पायरी वर चढायचे): ६४५. शेवटी ५ असल्याने वर्ग तोंडी होतो; ६४ × ६५ = ४१६०, पुढे २५, म्हणजे ४,१६,०२५. त्यातून ४,१५,००१ वजा केले की उरतात १०२४, म्हणजेच ३२ चा वर्ग. ६४५ − ३२ = ६१३, ६४५ + ३२ = ६७७. काम संपले. घाईत ६४४ घेतले तर वर्ग ४,१४,७३६ येतो, वजाबाकी ऋण होते आणि गाडी अडते.

हे जमते ते दोन्ही अवयव वर्गमूळाच्या जवळ असल्यामुळे. १९७७ सालच्या आरएसए कूटपद्धतीत (दोन मोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकारावर आधारलेली संदेश गुप्त ठेवण्याची पद्धत) दोन मूळ संख्या एकमेकींच्या फार जवळ घेऊ नयेत, याचे कारणही हेच.

शेजारच्या संख्या. सांगलीचा ४१६४१६ डोळ्यांनीच फुटतो: ४१६ × १००१, म्हणजे २⁵ × ७ × ११ × १३², विभाजक ७२. मिरजेचा ४१६४१० मात्र हट्टी आहे. ४ ने भागल्यास बाकी २ उरते, आणि अशी संख्या दोन पूर्ण वर्गांची वजाबाकी कधीच नसते. म्हणून आधी २ आणि ५ बाहेर काढावे लागतात. उरलेली ४१६४१ ही मूळ संख्या आहे. भागून पाहिल्यास ४६ भागाकारांत ते सिद्ध होते. फर्मांच्या रीतीने २०५ पासून २०,८२१ पर्यंत २०,६१७ पायऱ्या चढाव्या लागतात.