उंदरात जिंकलेला विषाणू माकडात का हरला?

२०१६ मध्ये कॅलटेक या अमेरिकी संस्थेतून आलेल्या एका शोधनिबंधानं जनुकोपचाराच्या, म्हणजे पेशीत निर्दोष जनुक पोचवून आजार बरा करण्याच्या, क्षेत्रात मोठी आशा निर्माण केली. बेन डेव्हरमन, विवियाना ग्रॅडिनारू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका निरुपद्रवी विषाणूचं कवच किंचित बदललं होतं. तो उंदराच्या रक्तात सोडला की थेट मेंदूत शिरत होता, आणि त्यानं नेलेलं जनुक मूळ विषाणूच्या तुलनेत किमान चाळीसपट जास्त प्रमाणात मेंदूत पोचत होतं. त्याचं नाव पीएचपी.बी. मेंदूच्या आनुवंशिक आजारांवर कवटी न उघडता, हाताच्या शिरेतून उपचार करता येतील असं वाटू लागलं. दोन वर्षांनी तोच विषाणू माकडांना टोचला, तेव्हा हा प्रभाव दिसलाच नाही.

या अपयशाची कहाणी मला यशाच्या कहाण्यांपेक्षा जास्त मोलाची वाटते. जनुकोपचारात आज खरं काय अडलं आहे, ते तिच्यातून कळतं. दोष कुठल्या जनुकात आहे हे कित्येक आजारांत आपल्याला ठाऊक आहे. निर्दोष जनुक प्रयोगशाळेत बनवणंही आता अवघड राहिलेलं नाही. पण ते नुसतं रक्तात टोचलं तर तिथली विकरं त्याचे तुकडे करतात, आणि वाचलंच तरी पेशीच्या आवरणातून आत जाऊ शकत नाही. त्यामुळे त्याला वाहक लागतो.

सध्याचा सगळ्यात विश्वासाचा वाहक म्हणजे एएव्ही (अ‍ॅडेनो-असोसिएटेड व्हायरस) हा विषाणू. १९६५ मध्ये तो दुसऱ्याच विषाणूच्या नमुन्यात मिसळलेला सापडला. माणसाला त्याच्यामुळे आजार होत असल्याचं दिसलेलं नाही. आकार जेमतेम २५ नॅनोमीटर, कवच ६० प्रथिनांचं, आणि आत जागा सुमारे ४,७०० जनुकीय अक्षरांची. त्याची स्वतःची जनुकं काढून आपल्याला हवं ते जनुक तिथे भरायचं. ही जागा फारच अपुरी आहे. डुशेन या स्नायूंच्या आजारात लागणाऱ्या डिस्ट्रॉफिन प्रथिनाचा संदेश ११,००० अक्षरांहून मोठा आहे, म्हणून तिथे त्याची काटछाट केलेली आवृत्ती वापरावी लागते.

पण जागेपेक्षा मोठी अडचण पत्त्याची आहे. शिरेतून दिलेल्या एएव्हीचा मोठा वाटा यकृतात जातो, मग आजार यकृताचा असो वा नसो. झोल्जेन्स्मा हे एसएमए या स्नायू दुबळे करणाऱ्या आनुवंशिक आजारावरचं औषध महाराष्ट्रात २०२१ मध्ये घरोघरी माहीत झालं, कारण मुंबईतल्या एका तान्ह्या मुलीसाठी लोकांनी वर्गणी काढून सुमारे १६ कोटी रुपये उभे केले होते. त्या औषधात एएव्हीचा ९ क्रमांकाचा प्रकार असतो आणि त्याला पोचायचं असतं पाठीच्या कण्यातल्या चेतापेशींपर्यंत. तिथे पुरेसे कण जावेत म्हणून बाळाच्या दर किलो वजनामागे सुमारे ११० लाख कोटी कण द्यावे लागतात. बी फोकून पेरावं तसा हा प्रकार आहे, आणि इथे गरज आहे टोकणीची. एवढे कण बनवण्याचा खर्च किमतीत उतरतो, आणि त्यांचा भार यकृतावर पडतो. २०२० मध्ये स्नायूंच्या एका दुर्मीळ आजारावरील चाचणीत मोठा डोस मिळालेली तीन मुलं यकृताच्या गंभीर बिघाडानंतर दगावली. २०२५ मध्ये डुशेनवरच्या उपचारानंतर यकृत निकामी होऊन दोन किशोरवयीन मुलांचा मृत्यू झाल्याचं जाहीर झालं. नेमका पत्ता गाठणारा वाहक हवा, तो यासाठी. कमी कणांत काम भागलं, तर किंमत आणि धोका दोन्ही घटतील.

पीएचपी.बी तयार करण्याची रीत मोठी सुरेख होती. नऊ क्रमांकाच्या एएव्हीच्या कवचावर एक उंचवटा असतो. तिथे सात अमिनो आम्लांचा एक तुकडा घुसवायचा, पण कुठला ते आधी ठरवायचं नाही. वीस प्रकारच्या अमिनो आम्लांतून सातांच्या १२८ कोटी रचना होतात. अशा असंख्य वेगवेगळ्या कवचांचे विषाणू एकत्र करून उंदराला टोचायचे. या उंदरांच्या मेंदूतल्या ठरावीक पेशींमध्येच एक विकर असतं. विषाणू त्या पेशीत खरोखर शिरला, तरच ते विकर त्याच्या जनुकात एक खूण करतं. मग मेंदूच्या ऊतीतून फक्त खूण झालेले विषाणू वेचायचे, वाढवायचे आणि पुन्हा टोचायचे. नुसते रक्तवाहिनीला चिकटून राहिलेले आपोआप बाद होतात.

उत्तर मिळालं, पण ते उत्तर का बरोबर आहे, हे कुणालाच माहीत नव्हतं. पुढे लक्षात आलं की माकडं तर सोडाच, उंदरांच्याही काही जातींत पीएचपी.बी चालत नाही. या फरकाचा माग काढत २०१९ मध्ये संशोधक एलवाय६ए नावाच्या प्रथिनापर्यंत पोचले. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर असलेल्या या प्रथिनाला धरूनच विषाणू आत शिरत होता. काही उंदरांत त्याचं रूप वेगळं असतं. माकडांत आणि माणसांत ते नसतंच.

इथून विचाराची दिशा उलटली. आधी विषाणू शोधायचा आणि मग त्याचं दार, असं करण्यापेक्षा माणसाच्या मेंदूचं दार आधी निवडायचं ठरलं. डेव्हरमन यांच्या अमेरिकेतल्या ब्रॉड इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेतल्या गटानं मानवी ट्रान्सफेरिन रिसेप्टर निवडला. रक्तातलं लोह मेंदूत नेण्याचं काम या प्रथिनाचं, त्यामुळे ते मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर असतंच. त्यालाच चिकटणारी कवचं त्यांनी वेचली. मानवी रिसेप्टर असलेल्या उंदरांत त्यातलं एक कवच नऊ क्रमांकाच्या एएव्हीपेक्षा ४० ते ५० पट प्रभावी ठरलं. हे काम २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. माझ्या मते पीएचपी.बीपेक्षा हे पाऊल मोठं आहे, कारण यात यश कशामुळे मिळालं ते आधीपासून माहीत आहे.

विषाणूऐवजी मेदकण वापरणारेही याच प्रश्नाशी झगडत आहेत. कोविडच्या एमआरएनए लशींत वापरलेल्या प्रकारचे कण शिरेतून दिले, की रक्तातलं एपोई हे प्रथिन त्यांच्यावर बसतं आणि यकृताच्या पेशी त्यांना कोलेस्टेरॉलच्या कणांसारखंच आत ओढून घेतात. २०२० मध्ये टेक्सासमधल्या डॅनियल सीगवर्ट यांच्या गटानं दाखवलं, की मिश्रणात धनभारित मेद वाढवला तर उंदरांत हे कण फुप्फुसाकडे वळतात आणि ऋणभारित मेद वाढवला तर प्लीहेकडे.

ट्रान्सफेरिन रिसेप्टरही फक्त मेंदूत नसतो. रक्तपेशी बनवणाऱ्या अस्थिमज्जेत तो भरपूर असतो. म्हणून दुसरा बंदोबस्त जनुकातच करतात: चेतापेशीतच चालू होणारी कळ त्याला जोडायची, किंवा यकृतात विपुल असलेल्या एमआयआर-१२२ या सूक्ष्म आरएनएशी जुळणारा तुकडा त्याच्या संदेशात घालायचा, म्हणजे यकृतात तो संदेश तिथल्या तिथे नष्ट होतो. पण यानं विषाणू यकृतात शिरायचा थांबत नाही. तो कवचानंच थांबवावा लागेल. शिवाय एकदा एएव्ही दिला की शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं आणि तोच वाहक पुन्हा देणं आज जवळपास अशक्य होतं. काही आठवड्यांच्या बाळाला उपचार दिला आणि तो कमी पडला, तर दुसरी संधी मिळत नाही.