आघातोत्तर ताण विकार : जडलेले आणि न जडलेले

एकाच आघातातून वाचलेल्यांपैकी काहींना आघातोत्तर ताण विकार (पीटीएसडी) जडतो, बहुतेकांना जडत नाही. असे का होते, हे या दोन गटांच्या तुलनेतून शोधले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील सुमारे ७० टक्के लोकांवर आयुष्यात असा एखादा प्रसंग येतो. विकार होतो तो त्यांतील सुमारे ५.६ टक्क्यांना. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत १९८० साली त्याला हे नाव मिळाले.

बेळगाव सीमाभागातल्या मराठीत यासाठी जवळचा शब्द ‘धसका’. शब्द नेमका आहे, पण तो दोन्ही गटांना सारखाच लावला जातो आणि घोटाळा तिथेच होतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा या नद्यांच्या पुराने जिल्ह्यातली गावेच्या गावे पाण्याखाली गेली. अशा पुरातून वाचलेल्या दोन जावा डोळ्यांसमोर आणाव्यात. दावणीची म्हैस वाहून जाताना दोघींनी पाहिली. पहिले काही दिवस दोघींचीही झोप उडते, दोघीही दचकतात, हे स्वाभाविकच. तीन महिन्यांनी थोरली त्या रात्रीबद्दल रडत का होईना, बोलते. तिच्या लेखी ती रात्र सरली आहे. धाकटीच्या लेखी ती सरलेलीच नाही. पत्र्यावर सर वाजली की तिचे हातपाय गार पडतात, रेशनकार्डाची पिशवी छातीशी धरून ती उंबऱ्यावर बसून राहते. नदीकडची वाट तर तिने सोडलीच आहे. लक्षणे महिन्यापेक्षा जास्त टिकली आणि रोजचे जगणे अडू लागले, तरच विकाराचे निदान होते.

विकार असलेल्यांच्या मेंदूत भीतीची घंटा वाजवणारा अमिग्डाला हा भाग अधिक सतर्क आणि त्याला आवरणारा कपाळामागचा भाग मंद आढळतो. स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसही सरासरीने लहान असतो. तो आघाताने आकसतो, असा समज होता. २००२ साली व्हिएतनाम युद्धातले सैनिक आणि युद्धावर न गेलेली त्यांची एकसारखी जुळी भावंडे तपासली गेली, तेव्हा विकारग्रस्त सैनिकांच्या भावांचाही हिप्पोकॅम्पस लहान निघाला. म्हणजे काही फरक आधीचाच असू शकतो. धाकटीला ‘मनाने कच्ची’ म्हणणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

आघातानंतर काय घडते, याचे वजनही मोठे. आधार न मिळणे आणि मागाहून ओढाताण होत राहणे, हे धोका वाढवणारे ठळक घटक ठरले आहेत. पूर ओसरल्यावरचा गाळ, पडकी भिंत, पंचनाम्याची वाट पाहणे, घरात मराठी बोलणाऱ्याला कन्नडमध्ये भरावा लागणारा अर्ज, हे सारे त्या ओढाताणीतच मोडते.

विकार बरा होऊ शकतो. आघातावर केंद्रित बोधात्मक वर्तनोपचारात ती आठवण सुरक्षित वातावरणात, हळूहळू, पुन्हा सांगितली जाते. ती मायबोलीत सांगता यावी, याला सीमाभागात फार अर्थ आहे. धारवाडला मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे आणि ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतही बोलता येते.