शोरमची सांजचित्रे

इंग्लिश चित्रकार सॅम्युअल पामर (1805–1881) याने केंट परगण्यातील शोरम या खेड्यात 1826 च्या सुमारास ते 1835 पर्यंतच्या वास्तव्यात काढलेली सायंकाळची व चांदण्या रात्रीची ग्रामीण दृश्ये. स्वच्छंदतावादी निसर्गचित्रणात त्यांचे स्थान वेगळे आहे. त्यांच्यात भव्य कडे नाहीत, वादळे नाहीत. कापणीला आलेले शेत, पेंढ्यांचे भारे, गवताने शाकारलेली घरे, मेंढ्या आणि घराकडे निघालेला माणूस एवढेच त्यांचे विश्व.

पामरची 1824 मध्ये विल्यम ब्लेक या इंग्लिश कवी-चित्रकाराशी भेट झाली. रोमन कवी व्हर्जिलच्या शालेय आवृत्तीसाठी ब्लेकने 1821 मध्ये कोरलेली इवलीशी काष्ठचित्रे त्याला फार आवडत. काळ्या ठोकळ्यातून उजेड कोरून काढण्याची ती रीत पामरने कागदावर आणली. 1825 मधील सेपिया (तपकिरी) शाईची सहा चित्रे (अ‍ॅशमोलियन संग्रहालय, ऑक्सफर्ड) हा तिचा पहिला ठळक आविष्कार. त्यांत शाईबरोबर अकेशियाचा डिंक मुक्त हाताने वापरलेला आहे. डिंकामुळे गडद भाग वाळल्यावरही ओलसर, खोल दिसतो. एरवी जलरंग वाळला की फिका पडतो, आणि सांजचित्र नेमके तिथेच फसते. डिंक जास्त झाला, तर मात्र थर ठिसूळ होऊन त्याला बारीक तडे जातात.

शोरमच्या काळातले उत्तम उदाहरण म्हणजे ब्रिटिश म्युझियममधील ‘अ कॉर्नफील्ड बाय मूनलाइट, विथ द ईव्हनिंग स्टार’ (सु. 1830). चित्र जेमतेम 20 × 30 सेंमी. आहे. हातात काठी घेतलेला माणूस कुत्र्यासह पेंढ्यांच्या भाऱ्यांमधून चालला आहे. वर अवाढव्य चंद्रकोर आणि शुक्राची चांदणी आहे. कोरीचा आकार खऱ्यापेक्षा कितीतरी मोठा, पण निरीक्षण कच्चे नाही : कोरीला चिकटलेला चंद्राचा अंधारा भागही, पृथ्वीवरून परतलेल्या उजेडात दिसतो तसा, अंधूक दाखवला आहे.

अशा चित्रात खगोलाच्या चुका सहज होतात. सायंकाळची कोर शुक्ल पक्षाच्या द्वितीया-तृतीयेची असते, ती पश्चिमेला दिसते आणि तिची उजळ कड मावळत्या सूर्याकडे असते. पौर्णिमेचा चंद्र त्याच वेळी पूर्वेला उगवतो, त्यामुळे मावळतीची लाली आणि पूर्णचंद्र शेजारी शेजारी काढले की दृश्य खोटे पडते. कोरीच्या अंधाऱ्या भागात तारा काढणे ही तर नेहमीची चूक.

रंगवण्याच्या दृष्टीने मुख्य अडचण आकाशाची. क्षितिजाजवळचा पिवळा आणि माथ्यावरचा निळा ओल्यात थेट भिडले, तर मध्ये हिरवा पट्टा उमटतो. म्हणून मध्ये गुलाबी किंवा फिका जांभळा टप्पा ठेवावा, नाहीतर पिवळा वॉश (पातळ रंगाचा सलग लेप) पूर्ण वाळू द्यावा व त्यावर दुसऱ्या लेपात निळा उतरवावा. दर चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा सुती कागद फळीवर बसवून फळी थोडी तिरकी ठेवली, की वॉश एकसारखा खाली येतो. हलका कागद मात्र आधी भिजवून, कडांना डिंकाची पट्टी लावून ताणावाच लागतो. लेप अर्धवट वाळला असताना त्याला जास्त ओला कुंचला लागला, तर पाणी रंगकण ढकलत नेते आणि वेड्यावाकड्या कडेचा डाग उरतो. तो पुसत बसण्यापेक्षा पूर्ण वाळू द्यावा. जमिनीचे काळोखे भाग काळ्या रंगाने भरू नयेत, ते मेल्यासारखे दिसतात. अल्ट्रामरीन (गडद निळा) व बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांचे दोन-तीन पारदर्शक थर, प्रत्येक थर वाळल्यावर, असे दिले तर अंधारातही झाडाची बाह्यरेषा हवेशीर राहते. एकाच ओल्यात चार रंग घोटले की ते मळतात.

चंद्र व दिव्याच्या उजेडासाठी कागद कोरा ठेवणे हा शुद्ध मार्ग. पामरने पांढरा अपारदर्शक रंगही बिनदिक्कत वापरला, आणि त्याच्या हातात तो शोभतो. शिशाचा पांढरा हवेतल्या गंधकयुक्त वायूंनी काळवंडतो. 1834 पासून बाजारात आलेल्या जस्ताच्या ‘चायनीज व्हाइट’ने ती भीती घालवली.

चित्रांतली शांतता हा तत्कालीन केंटचा पुरावा मानू नये. ऑगस्ट 1830 मध्ये याच परगण्यात शेतमजुरांनी मळणीयंत्रे फोडायला सुरुवात केली, आणि पुढे गंजींना आगी लागल्या. पामर कट्टर टोरी, म्हणजे परंपरावादी पक्षाचा, होता. 1832 मध्ये त्याने पश्चिम केंटच्या मतदारांना उद्देशून पत्रकही काढले. मजुरीचा दर आणि उपासमार त्याच्या शेतांत दिसत नाही. त्याला दिसतो तो जुना, धर्माने बांधलेला गावगाडा, आणि तो टिकावा ही त्याची मनापासूनची इच्छा होती.

उत्तरायुष्यात, 1860 च्या दशकात, लेनर्ड रो वॅल्पी या वकिलाने मागणी केल्यावर पामर इंग्लिश कवी मिल्टनच्या कवितांवरील मोठ्या जलरंगचित्रांत पुन्हा संध्याकाळकडे वळला. ‘द लोनली टॉवर’ आणि ‘द बेलमन’ या त्यांतल्याच कल्पना त्याने 1879 मध्ये अम्लरेखनातही (एचिंग) उतरवल्या. मुलाने 1909 मध्ये त्याच्या वह्या व कागद मोठ्या प्रमाणात जाळले, त्यामुळे शोरमचे काम तुटकच उरले. 1926 च्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील प्रदर्शनानंतर त्याला पुन्हा मान मिळाला. मागणी इतकी वाढली की टॉम कीटिंग या इंग्लिश चित्रकाराने बनावट ‘पामर’ तयार केले, आणि ते 1976 मध्ये उघडकीस आले.

जुने जलरंग पाहताना रंगबदल लक्षात घ्यावा. त्या काळी आकाशाचा करडा रंग नीळ व लाल मातीच्या मिश्रणाने करीत. नीळ उजेडाने उडते व लाल तेवढा उरतो, म्हणून करडे ढग आज गुलाबी दिसतात. त्यामुळे संग्रहालये अशी चित्रे साधारण 50 लक्सच्या मंद प्रकाशात, तीही थोड्या काळासाठीच मांडतात.