'होल्प' कुठे गेलं?

इंग्रजीत 'हेल्प'चं भूतकाळी रूप एकेकाळी 'होल्प' होतं. 'हेल्प्ड' नंतर आलं आणि 'होल्प' हद्दपार झालं. 'गो'चं 'वेंट' मात्र जागचं हललेलं नाही. याचा हिशेब एरेझ लीबरमन, मार्टिन नोवाक आणि सहकाऱ्यांनी 2007 साली 'नेचर'मध्ये मांडला. जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदं त्यांनी घेतली. मध्ययुगापर्यंत त्यांतली 145 अनियमित राहिली होती, आज 98 आहेत. ही गळती किरणोत्सारी मूलद्रव्यासारखी निघाली: क्रियापद किती वापरात आहे, त्यावर त्याचं अर्धायुष्य, म्हणजे तशा वापराची निम्मी क्रियापदं नियमित व्हायला लागणारा काळ, ठरतं. शंभरपट कमी वापरलं जाणारं क्रियापद दहापट वेगानं नियमित होतं.

अपवाद कानावर पडूनच पाठ होतो, म्हणून असं घडतं. 'बसलं', 'पडलं'च्या चालीवर लहान मूल 'करलं' म्हणून जातं. पण 'केलं' दिवसभर इतक्यांदा ऐकू येतं की 'करलं' फार दिवस तग धरत नाही. क्वचित लागणाऱ्या क्रियापदाला असा पहारा नसतो.

मला ही उपमा अर्धीच पटते. किरणोत्सारी अणू शेजाऱ्याकडे न पाहता फुटतो. माणसं मात्र एकमेकांचं ऐकून बोलतात. अमेरिकन इंग्रजीत तर 'डाइव्ह्ड' हे नियमित रूप मागे पडून 'डोव्ह' पुढे आलं. मोटारी वाढल्या, 'ड्राइव्ह-ड्रोव्ह' सर्रास बोललं जाऊ लागलं आणि 'डाइव्ह'नंही तीच चाल उचलली असावी, असा 2017 मधल्या एका अभ्यासाचा कयास आहे.

इथे लोहचुंबक जास्त कामाचा. भौतिकशास्त्रज्ञ आयझिंग यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या चुंबकाच्या प्रतिमानात प्रत्येक अणू शेजाऱ्यांच्या दिशेनं वळू पाहतो आणि उष्णता ती शिस्त मोडते. अणूच्या जागी बोलणारा माणूस ठेवा, उष्णतेच्या जागी शिकतानाच्या चुका आणि लहरी. जेम्स बरिज यांनी 2017 मध्ये दाखवलं, की अशा प्रतिमानात बोलींच्या सीमांना साबणाच्या पापुद्र्यासारखा पृष्ठताण येतो: वाकडेपणा सरळ होत जातो आणि दाट वस्ती सीमेला दूर ढकलते.

2021 मध्ये हेन्री काउहानेन आणि सहकाऱ्यांनी व्याकरणाच्या एकेका लकबीचं 'तापमान'च काढलं, तेही आजच्या भाषांच्या नकाशावरून. एखादी लकब सलग पट्ट्यांत दिसली तर ती थंड, म्हणजे टिकाऊ. ठिपक्यांसारखी विखुरलेली असेल तर गरम, चंचल. जगातल्या बहुतेक भाषांचे जुने लेख उपलब्धच नाहीत. त्यांचं व्याकरण किती चंचल आहे, याचा अंदाज आता नुसत्या नकाशावरून बांधता येतो.