रक्तदाबमापक (बीपीचं मशीन)

रक्तदाबमापक म्हणजे आपण ज्याला सरळ बीपीचं मशीन म्हणतो ते. दंडाला पट्टा बांधून धमनीतल्या रक्ताचा दाब किती आहे ते दोन आकड्यांत सांगतं, वरचं बीपी म्हणजे हृदय आकुंचन पावून रक्त बाहेर ढकलतं तेव्हाचा दाब आणि खालचं म्हणजे दोन ठोक्यांच्या मधे हृदय सैल पडतं तेव्हाचा. १२० म्हणजे १२० मिलिमीटर उंचीचा पारा तोलून धरेल एवढा दाब, आणि आता बऱ्याच मशीनमधे पाऱ्याचा थेंबही नसतो तरी माप त्याचंच चालू आहे.

सुरुवात घोडीपासून झाली. इंग्लंडमधे स्टीफन हेल्स नावाचे एक पाद्री होते, त्यांनी घोडीच्या धमनीत पितळी नळी घालून तिला उभी काचेची नळी जोडली तर रक्त ८ फुटांच्या वर चढलं, हे त्यांनी १७३३ साली छापलं. एवढी उंच नळी कोण कुठे घेऊन फिरणार, म्हणून १८२८ मधे फ्रान्सच्या प्वाझय यांनी पारा वापरला, तो पाण्याच्या साडेतेरा पट जड असल्यामुळे छोटी नळी पुरते. पण धमनी कापावी लागायचीच, म्हणजे रोजच्या पेशंटसाठी काही उपयोग नाही.

खरी अडचण ही होती की कातडी न कापता आतला दाब कळणार कसा. यावरची युक्ती इतकी साधी आहे की ती आजही बदललेली नाही, बाहेरून धमनी दाबत जायची आणि ती बंद पडायला किती दाब लागला ते बघायचं. व्हिएन्नात फॉन बाश यांनी १८८१ मधे मनगटाच्या नाडीवर पाण्याने भरलेला रबरी फुगा दाबून हे केलं. मग १८९६ मधे इटलीत तुरिन शहरात रिव्हा-रोच्ची यांनी अख्ख्या दंडाभोवती हवेचा रबरी पट्टा गुंडाळला, सायकलच्या ट्यूबसारखा. पट्टा फुगवायचा, मनगटावर बोट ठेवून नाडी कधी गायब होते आणि कधी परत येते ते बघायचं. त्यांचा पट्टा जेमतेम चार-पाच सेंटिमीटर रुंद होता त्यामुळे आकडा जास्त यायचा, १९०१ मधे फॉन रेकलिंगहाउझेन यांनी तो रुंद केला.

यात फक्त वरचंच बीपी नीट मिळायचं. खालचं मिळवून दिलं रशियन आर्मीचे सर्जन निकोलाय कोरोत्कोव यांनी, १९०५ मधे, सेंट पीटर्सबर्गला. त्यांनी पट्ट्याच्या खाली, कोपराच्या खोबणीत स्टेथोस्कोप ठेवून कान दिला. धमनी पूर्ण दाबलेली असते तेव्हा काहीच ऐकू येत नाही, हवा सोडत गेलं की एका क्षणी रक्त फटीतून उसळून जातं आणि ठक असा पहिला आवाज येतो, ते वरचं, मग ठोके येत राहतात, बदलत जातात आणि धमनी पूर्ण मोकळी झाली की थांबतात, ते खालचं. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात सुंदर शोध हाच, नवीन मशीन काहीच नाही, फक्त कान योग्य जागी ठेवला.

पाऱ्याचं मशीन ज्यांनी बघितलंय त्यांना आठवत असेल, डॉक्टर फुगा दाबतात, पट्टा करकचून आवळतो, बोटांना मुंग्या येतात, मग बारीक स्क्रू जरासा सैल केला की फुस्स करत पारा सावकाश उतरायला लागतो. तो सेकंदाला २ ते ३ मिलिमीटर उतरला पाहिजे, घाईत भर्रकन सोडला तर पहिला आवाज निसटतो आणि वरचं बीपी कमी लिहिलं जातं. पारा विषारी, म्हणून २०१३ च्या मिनामाता करारात, म्हणजे पाऱ्याचा वापर कमी करायच्या आंतरराष्ट्रीय करारात, ही मशीन बनवणं २०२० नंतर थांबवायचं ठरलं, भारताने तो २०१८ मधे मान्य केला. घड्याळासारखा काटा असलेलं मशीन हलकं असतं पण आपटलं की बिघडतं, ते अधूनमधून तपासून घ्यावं लागतं.

घरातलं डिजिटल मशीन आवाज ऐकत नाही. पट्ट्यातल्या हवेला धमनीच्या ठोक्याने जे हादरे बसतात ते हे मशीन मोजतं. हादरे जिथे सगळ्यात मोठे, तो सरासरी दाब, आणि वरचं-खालचं त्यावरून कंपनीच्या सूत्राने काढलेलं असतं, ते सूत्र कंपन्या सहसा सांगत नाहीत. म्हणून दोन मशीनचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत, आणि नाडी अनियमित असेल तर एकच मशीनही दर वेळी वेगळं सांगू शकतं.

पण खरं सांगायचं तर जास्त चुका मशीनच्या नसतातच, पट्ट्याच्या आणि हाताच्या असतात. आमच्या घरी आईचं वरचं बीपी सारखं १५८-१६० येत होतं, गोळी वाढवायची वेळ आली होती, मग नर्सताईंनी टेपने दंड मोजला आणि मोठा पट्टा लावला तर १४२. पट्ट्याच्या आतली रबरी पिशवी दंडाच्या घेराच्या साधारण ८० टक्के लांब हवी, पट्टा लहान पडला की आकडा फुगतो. हात हृदयाच्या पातळीत हवा, १० सेंटिमीटर खाली लोंबकळत असेल तर ७-८ मिलिमीटर जास्त दाखवतं. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पायावर पाय नाही, लघवी तुंबलेली नको, अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको, मोजताना बोलायचं नाही. आणि बाहीवरून मोजू नका, उघड्या दंडावरच पट्टा बांधा.

दवाखान्यात गेल्यावर नुसत्या धास्तीने बीपी वाढणारे लोक खूप असतात, त्यामुळे बीपी जास्त म्हणायची रेघ दवाखान्यात १४०/९० तर घरी १३५/८५ धरतात. शंका असेल तर २४ तासांचं मशीन कमरेला लावून देतात, ते दिवसरात्र ठरावीक वेळाने आपोआप मोजतं, झोपेत बीपी १०-२० टक्के उतरायला हवं ते उतरतं का हेही त्यातच कळतं. आयसीयूत मात्र अजून हेल्सचीच वाट, मनगटाच्या धमनीत बारीक नळी घालून प्रत्येक ठोक्याचा दाब स्क्रीनवर.

हातातली स्मार्ट घड्याळं उजेडाच्या सेन्सरवरून नाडीच्या लाटेचा अंदाज घेतात, दाब थेट मोजत नाहीत. बऱ्याच घड्याळांना आधी दंडाच्या पट्ट्याने बीपी मोजून तो आकडा भरावा लागतो आणि काही आठवड्यांनी पुन्हा भरावा लागतो, म्हणजे घड्याळ घेतलं तरी घरात पट्ट्याचं मशीन लागतंच.