खारा वारा, विटांची चिमणी आणि सिमेंटची घाई

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर, केप कॉड वगैरे भागात, जुनं घर घेतलं की हॉलमधली विटांची फायरप्लेस बघून सगळे खुश होतात, फोटो टाकतात, पण छपरावरच्या चिमणीकडे मान वर करून कोणी बघत नाही. आणि खरी भानगड तिथेच असते. आगीने चिमणी खराब होतेच, पण समुद्रकाठी तिला जास्त खातं ते मीठ आणि पाणी, फायरप्लेस वर्षभर पेटवली नाही तरीही.

होतं काय, वाऱ्याबरोबर उडालेले खाऱ्या पाण्याचे बारीक थेंब विटेच्या छिद्रांत शिरतात. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ आपणहून ओलावा ओढून विरघळतं, खाली आली की परत त्याचे स्फटिक होतात. किनाऱ्यावर हवा या आकड्याच्या वरखाली सारखीच होत असते, म्हणजे पाऊस नको काही नको, विटेच्या पोटात मीठ विरघळतंय, जमतंय, परत विरघळतंय आणि दर वेळी आतून दाब देतंय. बाहेर पांढरी पावडर दिसते ती त्यातल्या त्यात बरी, आपल्याकडे कोकणात भिंतीला लोणा लागतो तसलीच. पण जे मीठ पृष्ठभागाच्या जरा आत साठतं ते विटेचा पापुद्राच उडवतं. त्यात तिकडचा हिवाळा, पाण्याचा बर्फ होताना आकारमान साधारण 9 टक्के वाढतं, म्हणजे उरलीसुरली कसर तो भरून काढतो.

आता दुरुस्ती. विटांमधल्या फटींतला, म्हणजे दरजांमधला, माल भुगा व्हायला लागला की कोणीतरी स्वस्तातला माणूस येतो, ग्राइंडर फिरवतो, कडक सिमेंटने दरजा भरतो, दिसायला एकदम झकास! पण शंभर वर्षांपूर्वीच्या घरांत विटा बऱ्याचदा मऊ आणि माल चुन्याचा असतो (पोर्टलंड सिमेंटचं पेटंटच 1824 चं, सर्रास वापर त्यानंतर कितीतरी वर्षांनी). चुन्याच्या मालातून ओलावा बाहेर पडतो, मीठही तिथेच जमतं, म्हणजे झिजतो तो माल आणि वाचते ती वीट. माल परत भरता येतो हो, वीट नाही. सिमेंटने ती वाट बंद केली की ओलावा विटेतूनच बाहेर पडायला बघतो. दरजांच्या रेघा शाबूत आणि मधल्या विटा खोल गेलेल्या, असं दिसलं की समजायचं कोणीतरी आधी सिमेंट चोपडून गेलंय. म्हणून चांगला गवंडी आधी जुना माल खरवडून बघतो आणि विटेपेक्षा मऊ मालच कालवतो. वरून चकचकीत सीलर मारणाऱ्यालाही नाहीच म्हणा, पाणी अडवून वाफ बाहेर सोडणारं सायलेन-सायलॉक्सेनवालं औषध मिळतं, तेही चिमणी सुकल्यावर.

चिमणीवरची टोपी आणि लायनर (आतलं, धूर वर नेणारं अस्तर) घेताना नुसतं ‘स्टेनलेस’ ऐकून पैसे देऊ नका, स्टीलची प्रत 304 की 316 ते विचारा. 316 मध्ये 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे खारट हवेत बारीक खड्डे पडून गंजणं बरंच कमी होतं.

आतली बाजू कॅमेऱ्यानेच नीट कळते. मातीच्या लायनरला तडा असेल तर धूर आणि कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे डिटेक्टर हवाच. तिकडच्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या 211 क्रमांकाच्या मानकात दरवर्षी तपासणी सांगितलीय, घर विकताना-घेताना तर त्याहून सखोल, जिथे पोचता येतं तिथे कॅमेरा घालून. ओलं लाकूड जाळलं की धूर थंड पडून आत डांबरासारखं क्रिओसोट चिकटतं आणि चिमणीतच आग लागू शकते, म्हणून लाकडात ओलावा 20 टक्क्यांच्या आत हवा.

आणि किनाऱ्यावर वाहून आलेली लाकडं फुकट मिळतात, ज्वाळाही रंगीत दिसतात, तरी ती जाळू नका. त्यातल्या मिठामुळे जळताना हायड्रोजन क्लोराइड आणि डायऑक्सिनसारखे विषारी पदार्थ तयार होतात, आणि ओलाव्यात त्याचं आम्ल झालं की 316 च्या लायनरचंही फारसं काही चालत नाही.